ऑडॅसिटी नवख्यांच्या हाती देण्याआधी : बोलकी पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी संगणक कसा लावून द्यावा

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून द्यायला तयार असलेली माणसं मराठीत कमी नाहीत. निवृत्त शिक्षिका, एकांकिकांत काम करणारी मुलं, कीर्तन-प्रवचनाची सवय असलेले काका, परदेशात राहूनही मराठी वाचन जपणारे लोक. आवाज चांगला असतो, उच्चार स्वच्छ असतात, वेळही असतो. कायद्याची अडचणही बरीचशी दूर झाली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी सुलभ स्वरूपात पुस्तक तयार करायला सवलत मिळाली आणि दृष्टिहीनांना पुस्तकं सुलभ स्वरूपात मिळावीत यासाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. तरीही पहिल्या प्रकरणानंतर माणसं गळतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "वाचायला काहीच हरकत नाही हो, पण ते सॉफ्टवेअर मला जमत नाही." ते सॉफ्टवेअर म्हणजे ऑडॅसिटी, आवाज रेकॉर्ड करायचं आणि कापून-जोडून नीट करायचं.

हा लेख त्या वाचणाऱ्यांसाठी नाही. त्यांना मदत करणाऱ्यांसाठी, म्हणजे गटात 'तुला संगणकातलं कळतं ना' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यांच्यासाठी आहे. ऑडॅसिटी शिकवण्यात दोन रविवार घालवण्यापेक्षा ते आधी नीट लावून देण्यात एक दुपार घालवली, तर समोरच्याला शिकायला फारसं उरत नाही.

ऑडॅसिटी अवघड का वाटतं, हे आधी समजून घेऊ. १९९९ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी त्याची सुरुवात केली. ध्वनीच्या अभ्यासासाठी लागणारं ते साधन होतं. २००० च्या मे महिन्यात ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि तेव्हापासून संगीतकार, पत्रकार, संशोधक, शिक्षक, ज्याला जे हवं ते त्यात येत गेलं. त्यामुळे इफेक्टच्या, म्हणजे आवाजावर करायच्या प्रक्रियांच्या, मेनूत डझनावारी नावं आहेत आणि त्यातली बहुतेक पुस्तक वाचणाऱ्याच्या काही कामाची नाहीत. ते फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं, जुन्या लॅपटॉपवर चालतं. म्हणून मी अजूनही नव्या माणसाला तेच देते, पण आहे तसं कधीच देत नाही.

आधी निर्णय वाटून घ्या

कागद घ्या आणि दोन रकाने पाडा. एका बाजूला जे कानाने ठरवता येतं ते : वाचताना चूक झाली का, मध्ये कुकरची शिट्टी आली का, आवाज दबलेला वाटतो का, वाक्य पुन्हा वाचावं का. दुसऱ्या बाजूला जे आकड्यांनी ठरतं ते : सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे), मोनो (एक वाहिनी) की स्टिरिओ (दोन), फाइलचा प्रकार, आवाजाची पातळी, कुठल्या क्रमाने कुठला इफेक्ट.

पहिला रकाना वाचणाऱ्याचा, दुसरा तुमचा. पुढचं सगळं काम याच वाटणीतून निघतं. एखादी गोष्ट दुसऱ्या रकान्यातली असूनही वाचणाऱ्याच्या पडद्यावर प्रश्न म्हणून उभी राहत असेल, तर लावण्याचं काम अजून अपुरं आहे असं समजा.

शेवटची फाइल कशी हवी ते ठरवा

ज्या संस्थेला रेकॉर्डिंग द्यायचं तिचे निकष आधी विचारून घ्या. लिब्रिव्हॉक्ससारखा जगभर चालणारा स्वयंसेवी उपक्रम मोनो, ४४,१०० हर्ट्झ सॅम्पल रेट आणि १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्री मागतो. संस्थेने काहीच सांगितलं नसेल तर हेच घ्या. एका माणसाचा वाचनाचा आवाज स्टिरिओत ठेवून काही मिळत नाही, फाइलचं वजन मात्र वाढतं. १२८ केबीपीएसला एक तासाचं वाचन साधारण ५८ एमबी होतं. ऑडॅसिटीत काम चालू असताना तोच एक तास ६०० एमबीच्या वर जागा घेतो, कारण आतला दर्जा बराच वरचा असतो. संगणकावर आठ-दहा जीबी मोकळी नसेल तर आधी जागा करा. अर्ध्या प्रकरणात डिस्क भरली की नवा माणूस स्वतःलाच दोष देतो आणि पुन्हा बसत नाही.

पेनड्राइव्हवर नेता येईल असं ऑडॅसिटी

हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. विंडोजसाठी ऑडॅसिटी इन्स्टॉलरशिवाय, झिप फाइलमध्येही मिळतं. ती झिप डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर उघडा, प्रोग्राम फाइल्समध्ये नको, कारण तिथे लिहायची परवानगी मिळत नाही. ऑडॅसिटीची मुख्य फाइल जिथे आहे त्याच फोल्डरात एक नवं फोल्डर करा आणि त्याला रोमन अक्षरांत 'पोर्टेबल सेटिंग्ज' असं नाव द्या, दोन शब्दांच्या मध्ये एक जागा सोडून. यापुढे तुम्ही केलेली प्रत्येक निवड, प्रत्येक मॅक्रो (एका कळीत ओळीने चालणाऱ्या आज्ञांची यादी), प्रत्येक शॉर्टकट त्या फोल्डरातच साठतो.

म्हणजे एकदा सगळं मनासारखं लावलं की ते अख्खं फोल्डर उचलून दुसऱ्या वाचकाच्या संगणकावर ठेवायचं. नाशिकच्या काकूंच्या आणि न्यू जर्सीतल्या मुलाच्या पडद्यावर तेच बटण त्याच जागी असेल, तर फोनवर मदत करता येते. सगळ्यांकडे आवृत्तीही एकच ठेवा. नव्या आवृत्तीत साठवलेला प्रकल्प, म्हणजे ऑडॅसिटीची कामाची फाइल, जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. प्रेफरन्सेसमध्ये अपडेट तपासण्याची खूण काढून टाका, म्हणजे पुस्तक अर्ध्यावर असताना "नवी आवृत्ती घ्यायची का?" हा प्रश्न समोर येणार नाही. अलीकडच्या आवृत्त्या सेव्ह करताना क्लाउडवर ठेवू की संगणकावर, असंही विचारतात. त्याचंही उत्तर तुम्हीच देऊन ठेवा.

पडदा मोकळा करा

व्ह्यू मेनूत टूलबार्सची यादी आहे. रेकॉर्ड-प्ले-स्टॉपची पट्टी, आवाज किती जोरात येतोय ते दाखवणारा रेकॉर्डिंगचा मीटर, वेळ दाखवणारी पट्टी, झूम आणि अनडूची पट्टी आणि माइक निवडायचं बटण एवढंच ठेवा. बाकीच्या खुणा काढा. मीटरची कड ओढून तो भरपूर लांब करा. नव्या वाचकाने पडद्यावर सतत बघावी अशी ती एकच गोष्ट आहे आणि सुरुवातीला ती अंगठ्याएवढी असते.

मग प्लगिन मॅनेजर उघडा. इथे एकेक इफेक्ट बंद करता येतो, अगदी ऑडॅसिटीसोबत आलेलेसुद्धा. रिव्हर्ब, इको, व्हावा, फेझर, पिच बदलणारे, वेग बदलणारे असे सगळे बंद करा. फिल्टर कर्व्ह ईक्यू, लाउडनेस नॉर्मलायझेशन, लिमिटर, अँप्लिफाय आणि नॉइज रिडक्शन चालू ठेवा. पुढे मॅक्रोत जे वापरणार आहात ते चुकून बंद होऊ देऊ नका, नाहीतर मॅक्रो मध्येच अडेल. यातलं काहीही कायमचं जात नाही, त्याच खिडकीतून परत चालू करता येतं. इफेक्टचा मेनू चार-पाच ओळींचा झाला की माणूस तो उघडायला घाबरत नाही.

मेनूची भाषा बदलता येते, पण माझं मत इंग्रजीच ठेवावी असं आहे. मदतीचे व्हिडिओ, गटातले जुने वाचक, सगळे इंग्रजी नावंच सांगतात. मराठी हवं तिथे कागदावर द्या, त्याबद्दल पुढे येतंच.

माइक, खोली आणि पंखा

रेकॉर्डिंग मोनोवर, प्रकल्प ४४,१०० वर आणि योग्य माइक निवडलेला, एवढं तुम्ही लावून द्या. यूएसबी माइक जोडलेला असूनही ऑडॅसिटी लॅपटॉपच्या आतल्या माइकवरून ऐकत राहणं ही फार नेहमीची गडबड आहे. ती ओळखायची रीत सोपी आहे : रेकॉर्डिंगचा मीटर चालू करून बाहेरच्या माइकच्या जाळीवर नखाने हलकंसं खरवडा. पट्टी टणकन उडाली तर माइक बरोबर आहे. लॅपटॉपच्या कडेला खरवडल्यावर उडाली तर चुकीचा. ही चाचणी वाचणाऱ्यालाही शिकवा, रोज बसण्याआधी करायला काही क्षण लागतात.

विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये माइकसाठी 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' नावाची सोय असते, ती बंद करा. ती आवाज आपणहून वर-खाली करते आणि मग एकाच परिच्छेदात दोन माणसं वाचतायत असं वाटतं.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला ठेवायला सांगा. नेमका समोर ठेवला तर मराठीतली महाप्राण व्यंजनं छळतात. 'फळ', 'भाकरी', 'खिडकी' म्हणताना तोंडातून हवेचा जो झोत निघतो तो थेट माइकवर आदळतो आणि 'भप्प' असा धक्का बसतो. तो नंतर काढणं फार कटकटीचं. माइक गालाच्या रेषेत आणला की झोत बाजूने निघून जातो. तोंडासमोर तळहात धरून 'फणस' म्हणायला लावा, हवा कुठे लागते ते कळलं की माइक कुठे ठेवायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

पंखा बंद. यावर तडजोड नको. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, तरी सांगा, हवं तर पंधरा-पंधरा मिनिटांच्या बैठका ठरवा. का, ते आकड्यांत असं आहे (डीबी हे आवाजाच्या पातळीचं माप; इथे शून्य ही वरची मर्यादा, म्हणून आकडे उणे) : खोलीची घरघर उणे ५५ डीबीवर आहे आणि माणूस हळू वाचतोय. नंतर आवाज १० डीबीने वर उचलला तर घरघरही तेवढीच वर येते आणि उणे ४५ वर पोचते, म्हणजे हेडफोनमध्ये सरळ ऐकू येते. ऑडिबल या बोलक्या पुस्तकांच्या सेवेला पुस्तकं पुरवणाऱ्या एसीएक्सच्या निकषात पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० डीबीच्या खाली लागतो, यावरून अंदाज घ्या. गोदरेजचं कपाट उघडून त्यातल्या साड्यांकडे तोंड करून वाचलं, खिडकीला गोधडी लावली, लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवला की फरक लगेच कळतो. चार्जर लावल्यावर जी बारीक गुणगुण येते ती आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची आणि तिच्या पटींची असते.

मीटरबद्दल एकच सूचना द्या : पुस्तकातला सगळ्यात जोरात म्हणायचा संवाद म्हणून बघा, पट्टी उणे १२ आणि उणे ६ च्या मध्ये पोचली पाहिजे. लाल दिसलं तर माइकची पातळी थोडी कमी करायची. इतकंच.

चूक झाली की काय करायचं, हे सगळ्यात आधी शिकवा

नव्या वाचकाची खरी भीती चुकीची असते. जीभ अडखळली की तो रेकॉर्डिंग थांबवतो, नवी फाइल करतो, आणि संध्याकाळी एकाच प्रकरणाच्या अनेक तुकड्यांचं गाठोडं होतं. किंवा न थांबता तसाच वाचत जातो आणि मग कापाकापी तुमच्या गळ्यात पडते.

ऑडॅसिटीत यावर पंच अँड रोल नावाची सोय आहे. पुस्तकाच्या वाचनासाठी याहून चांगलं काही नाही आणि तरी ती मेनूच्या पोटात लपलेली आहे. समजा वाचताना "तो वाड्याच्या दिंडी दरवाजातून" ऐवजी "दिंडी दारातून" असं गेलं. स्पेसबार दाबून थांबायचं. लाटांच्या चित्रात त्या वाक्याच्या आधी जी सपाट रेष दिसते, म्हणजे आधीचं वाक्य संपल्यावरची शांतता, तिथे एकदा क्लिक करायचं. मग शिफ्ट आणि डी दाबायचं. ऑडॅसिटी त्या जागेच्या आधीचं काही सेकंद ऐकवतं, आणि क्लिक केलेल्या जागी येताच पुढचं पुसून आपोआप रेकॉर्डिंग सुरू होतं. कानात आपलाच आवाज आणि लय असते, त्यामुळे जोड कळत नाही. हेडफोन मात्र हवेतच.

किती सेकंद ऐकवायचं ते प्रेफरन्सेसच्या रेकॉर्डिंग भागात ठरवता येतं. मुळात पाच असतात. जलद वाचणाऱ्याला तीन पुरतात, वयस्कर वाचकांना पाचच बरे. सपाट रेषेत क्लिक करण्याचा सराव सात-आठ वेळा करून घ्या. एखाद्या अक्षरावर क्लिक झालं तर शब्द अर्धा तुटतो आणि जोड खटकतो. हे एक अंगवळणी पडलं की माणूस चुकायला घाबरत नाही, आणि न घाबरता वाचणाऱ्याच्या चुकाही कमी होतात.

त्याच ठिकाणी आणखी एक खूण तपासा : नेहमी नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा, अशा अर्थाची ओळ चालू असेल तर बंद करा. नाहीतर प्रत्येक वेळी रेकॉर्ड दाबल्यावर खाली नवी पट्टी उघडते आणि दोन आवाज एकमेकांवर वाजतात.

मॅक्रो : एका कळीत सगळी साफसफाई

टूल्स मेनूत मॅक्रो मॅनेजर आहे. नवा मॅक्रो करा. नाव असं द्या की काय होईल ते कळावं : 'एक, आवाज नीट कर'. नाव रोमन अक्षरांत मराठी लिहिलेलं बरं, कारण पुढे कोणी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत असेल आणि त्यात मराठी आवाज बसवलेला नसेल तर देवनागरी नाव वाचलं जाणार नाही.

त्यात या क्रमाने आज्ञा घाला.

१. सिलेक्ट ऑल. ही विसरू नका. वाचणाऱ्याने चुकून अर्धा सेकंद निवडून ठेवलेला असेल, तर पुढची सगळी प्रक्रिया तेवढ्याच तुकड्यावर होते आणि बाकीचं प्रकरण जसंच्या तसं राहतं.

२. फिल्टर कर्व्ह ईक्यू. यात तयार प्रीसेटमध्ये 'लो रोलऑफ फॉर स्पीच' आहे, तो निवडा. साधारण १०० हर्ट्झच्या खालचं तो उतरवतो. रस्त्यावरच्या ट्रकची घरघर, टेबलाला लागलेला धक्का, विजेची ५० हर्ट्झची गुणगुण, हे सगळं तिथेच असतं. माणसाच्या बोलण्यातलं कामाचं त्याच्या वर असतं.

३. लाउडनेस नॉर्मलायझेशन. मोजमाप आरएमएसवर, म्हणजे सरासरी पातळीवर, आणि आकडा उणे २० डीबी. सगळ्या प्रकरणांचा सरासरी आवाज यामुळे एका पातळीवर येतो. ऐकणाऱ्याला प्रत्येक प्रकरणाला आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. बोलक्या पुस्तकासाठी उणे २३ ते उणे १८ ही पट्टी सर्रास मानली जाते, उणे २० तिच्या मध्ये बसतं.

४. लिमिटर. सॉफ्ट लिमिट, मर्यादा उणे ३.५ डीबी. एखादी आरोळी किंवा टाळी त्याच्या वर जाऊ देत नाही. आवृत्तीनुसार या इफेक्टची खिडकी वेगळी दिसते, आकडा हाच ठेवायचा.

हा क्रम बदलू नका. खालची घरघर आधी काढली नाही तर तिचाही हिशोब सरासरी आवाजात धरला जातो आणि बोलणं हवं त्यापेक्षा दबतं. लिमिटर आधी लावला आणि मग आवाज वाढवला तर लिमिटरने घातलेली मर्यादा पुन्हा ओलांडली जाते. नवख्याला हे कारण सांगायची गरज नाही. तुम्हाला माहीत हवं, कारण कधीतरी कोणीतरी विचारणारच.

दुसरा मॅक्रो : 'दोन, फाइल तयार कर'. त्यात फक्त एमपीथ्री एक्सपोर्ट. त्याआधी एकदा स्वतः फाइल एक्सपोर्ट करून मोनो आणि १२८ निवडा, म्हणजे मॅक्रो तेच धरून चालेल. तयार फाइल कुठल्या फोल्डरात जावी ते प्रेफरन्सेसच्या डिरेक्टरीज भागात ठरवता येतं. ते थेट डेस्कटॉपवर 'पाठवायच्या फाइल्स' नावाच्या फोल्डरात ठेवा.

आता प्रेफरन्सेसच्या शॉर्टकट्सच्या यादीत हे दोन्ही मॅक्रो शोधा आणि प्रत्येकाला एकेक रिकामी फंक्शन की द्या. आधीच वापरात असलेली की निवडली तर ऑडॅसिटी तसं सांगतं. कीबोर्डवर त्या दोन कळांवर रंगीत टिकल्या चिकटवा, पहिलीवर हिरवी आणि दुसरीवर निळी. मॅक्रो आणि शॉर्टकट दोन्ही फाइलच्या रूपात बाहेर काढून ठेवता येतात. त्याची एक प्रत ईमेलवर स्वतःला पाठवून ठेवा.

नॉइज रिडक्शन या मॅक्रोत मी मुद्दाम घेतलेलं नाही. ते दोन टप्प्यांत चालतं : आधी त्याला खोलीच्या शांततेचा नमुना दाखवायचा, मग पूर्ण आवाजावर लावायचं. प्रत्येक बैठकीचा नमुना वेगळा, त्यामुळे ते डोळे झाकून आपोआप चालवण्यासारखं नाही.

एकपानी कार्ड

ए-फोर कागदावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत. लॅमिनेट करून संगणकाजवळ ठेवायचं.

- पंखा बंद, फोन सायलेंट, माइक वीतभर दूर आणि बाजूला.
- माइकवर नख फिरवून पट्टी उडते का बघा.
- लाल बटण दाबा. दहा सेकंद काहीही न बोलता, न हलता बसा. मग वाचायला सुरुवात.
- चूक झाली : स्पेसबार, सपाट रेषेवर क्लिक, शिफ्ट आणि डी.
- वाचून झालं : स्पेसबार. कंट्रोल आणि एस. नाव द्या : पुस्तक, प्रकरण, तुमचं नाव.
- हिरवी टिकली. थांबा. मग दोन-तीन ठिकाणी ऐकून बघा.
- निळी टिकली. डेस्कटॉपवरच्या फोल्डरातली फाइल पाठवा, डॉक्युमेंट म्हणून.

सुरुवातीचे ते दहा सेकंद फुकट जात नाहीत. पुढे कधी नॉइज रिडक्शन लावावं लागलं तर तोच नमुना, आणि मध्ये एखादी खोकल्याची जागा भरायची असेल तर तीच शांतता तिथे चिकटवता येते. निव्वळ डिजिटल शांतता भरली तर ऐकणाऱ्याला फाइल बंद पडल्यासारखी वाटते. शेवटच्या ओळीतलं 'डॉक्युमेंट म्हणून' हेही महत्त्वाचं : व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून जोडलेली फाइल जशीच्या तशी पोचते.

मागे बसा आणि गप्प राहा

सगळं लावून झालं की एका खऱ्याखुऱ्या नवख्याला बोलवा, ज्याला याचा गंध नाही अशाला. कार्ड द्या. दोन मिनिटांचं वाचन, मध्ये एक चूक मुद्दाम करायची, ती दुरुस्त करायची, फाइल पाठवायची. तुम्ही मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसा. माउसला हात लावायचा नाही आणि बोलायचंही नाही. हात कुठे थबकतो, नजर कुठे भिरभिरते, ते लिहा. तिथे दोष संगणकाच्या मांडणीत आहे, माणसात नाही, आणि तो तुम्हाला दुरुस्त करायचा आहे.

काही ठिकाणी जवळजवळ सगळेच अडतात. रेकॉर्डिंग चालू असताना किंवा पॉजवर असताना मेनूतली बरीच कामं करड्या रंगात जातात. माणसाला वाटतं बिघडलं. म्हणून पॉजची ओळखच करून देऊ नका, स्पेसबारने थांबायची सवय लावा. दुसरं, सेव्ह केलेला प्रकल्प आणि तयार एमपीथ्री यांतला फरक. ज्याच्या नावाच्या शेवटी एयूपीथ्री असतं ती फक्त ऑडॅसिटीत उघडते, ती शेकडो एमबीची असते, आणि नवा वाचक हमखास तीच पाठवायला बघतो. डेस्कटॉपवरचं वेगळं फोल्डर त्यासाठीच केलं आहे. तिसरं, झूम. कंट्रोल दाबलेलं असताना चुकून माउसचं चाक फिरलं की लाटांचं चित्र एकतर दोऱ्यासारखं होतं किंवा दिसेनासंच होतं. पूर्ण प्रकल्प पडद्यात बसवणारी कळ, कंट्रोल आणि एफ, कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून द्या.

ऐकणाराच संपादक झाला तर

या मांडणीचा एक फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पाहिलंत तर वरच्या कामात माउस जवळजवळ लागतच नाही. ऑडॅसिटी एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरबरोबर चालतं, आणि कळीवर बसवलेले मॅक्रो असतील तर दृष्टिहीन माणूस प्रकरण तपासण्याचं काम डोळस माणसाइतकंच सहज करतो, कानाच्या बाबतीत बहुतेकदा जास्त बारकाईने. चुकीची जागा सापडली की वाजत असतानाच कंट्रोल आणि एम दाबून तिथे लेबल टाकता येतं आणि त्यात 'पान ४२, शब्द गाळला' असं लिहिता येतं. वाचणाऱ्याने प्रकल्प उघडला की सगळ्या जागा समोर. ज्यांच्यासाठी पुस्तक होतंय त्यांच्याच हाती तपासणी जाणं यापेक्षा चांगली व्यवस्था मला सुचत नाही. तुमच्या गटात असं कोणी असेल तर मांडणी ठरवतानाच त्यांना सोबत घ्या. टूलबार कुठले ठेवायचे आणि मॅक्रोला काय नाव द्यायचं हे ते तुमच्याहून चांगलं सांगतील.

नॉइज रिडक्शन कधी आणि कसं उघडून द्यायचं

तीन-चार प्रकरणं सुरळीत झाली की वाचक स्वतःच विचारतो, "मागची ती सूं सूं काढता येईल का?" ही वेळ बरोबर. त्याआधी दिलं तर प्रत्येकजण ते भरमसाठ लावतो, कारण पहिल्या क्षणी फरक जादूसारखा वाटतो. तोटा नंतर दिसतो. 'स', 'श', 'ह' हे उच्चार स्वतःच सुसकाऱ्यासारखे असतात, त्यामुळे ते पार्श्वभूमीच्या सूं सूं बरोबर खरवडले जातात. 'पाऊस'मधला शेवटचा 'स' अर्धा जातो, 'राख'मधला 'ख' बोथट होऊन 'राक' ऐकू येतो. जोर आणखी वाढवला की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागतं. पाठ्यपुस्तक ऐकून परीक्षा देणाऱ्या मुलासाठी हा फरक लहान नाही.

शिकवताना रीत ही ठेवा. सुरुवातीची दहा सेकंद शांतता निवडायची, इफेक्ट उघडून नमुना घ्यायचा. मग पूर्ण ट्रॅक निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडायचा आणि कमी करायचं प्रमाण ६ डीबीपासून सुरू करायचं. लगेच ओके दाबायचं नाही. त्याच खिडकीत 'रेसिड्यू' नावाचा पर्याय आहे, तो निवडून प्रिव्ह्यू ऐकायचा. तो फक्त काढून टाकला जाणारा भाग ऐकवतो. तिथे निव्वळ पंख्यासारखी सूं सूं ऐकू आली तर ठीक. त्यात एखादंही अक्षर ओळखू आलं, कुजबुजल्यासारखा का होईना शब्द कळला, तर प्रमाण जास्त झालंय. दोन-तीन डीबी खाली आणायचं, पुन्हा ऐकायचं. अक्षर ऐकू येईनासं झालं की पर्याय परत 'रिड्यूस'वर आणून मग ओके. हिरवी टिकली त्यानंतर दाबायची, आधी नाही, कारण तिने आवाज उचलला की घेतलेला नमुना जुळत नाही.

इतकं खाली आणूनही अक्षरं ऐकू येत असतील तर ते रेकॉर्डिंग या इफेक्टने सुधारणार नाही. त्या बैठकीत पंखा चालू होता का, खिडकी उघडी होती का, ते विचारा आणि तेवढी पानं पुन्हा वाचून घ्या.